शिक्का तोच, हात दुसरा

गेले काही महिने एक्स्टेंशन बनवणाऱ्या लोकांत एक वाद चाललाय आणि तो ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. विषय तसा रुक्ष आहे, ब्राउझर एक्स्टेंशनचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं, अपडेट पाठवताना त्यावर डिजिटल सही कोणाच्या चावीने करायची, पण मंडळी अशी भांडतायत जणू बांधाचा वाद आहे. एक बाजू म्हणते प्रायव्हेट की, म्हणजे ही सही करायची गुप्त चावी, डेव्हलपरकडेच पाहिजे, ती ब्राउझरवाल्या कंपनीच्या स्टोअरला दिली म्हणजे सातबारा सावकाराच्या हातात दिला. दुसरी बाजू म्हणते डेव्हलपर लोक चाव्या हरवतात, लॅपटॉप फॉरमॅट मारतात, चावी चुकून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या सार्वजनिक साइटवर, टाकतात, तेव्हा ती स्टोअरकडेच बरी. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. दोघं एकच चावी धरून ओढतायत आणि इथे एका चावीने भागणारच नाही. सही दोघांची लागली पाहिजे, बनवणाऱ्याचीही आणि स्टोअरचीही, आणि एक्स्टेंशनचा मालक बदलला तर आयडी तोच असला तरी अपडेट गुपचूप आत जाता कामा नये, वापरणाऱ्याला थांबवून विचारलं पाहिजे. हे शेवटचं कोणी बोलतच नाही आणि मोठमोठे दरोडे तर तिथूनच पडलेत.

आधी आयडी म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला 32 अक्षरांचा एक आयडी असतो, सगळी अक्षरं इंग्रजी ए ते पी यांतलीच, बघायला अगदी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. पण तो कोणी मनाने ठेवलेला नसतो. पब्लिक की, म्हणजे प्रायव्हेट कीची जगजाहीर जोडीदार, घ्यायची, तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढायचा, त्यातले पहिले 128 बिट घ्यायचे आणि ते या 16 अक्षरांत लिहायचे, झाला आयडी. म्हणजे क्रोममध्ये चावी आणि नाव यांची नाळ जन्मापासून जोडलेली आहे, चावी बदलली की नाव बदललं आणि नाव बदललं की ब्राउझरच्या लेखी तुम्ही परके. फायरफॉक्सने वेगळा रस्ता धरला. तिथे आयडी तुम्ही स्वतः मॅनिफेस्ट नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिता, ईमेलसारखा दिसणारा किंवा मग जीयूआयडी नावाचा लांबलचक अंकाक्षरी नंबर, आणि त्याचं कुठल्याही चावीशी नातं नाही, तो तुमचाच आहे हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्टोअर तुमच्या खात्यावरून ठरवतं आणि मग स्वतःची सही मारतं. एकीकडे नाव चावीतून निघतं, दुसरीकडे नाव खात्याला बांधलेलं असतं. हा फरक बाजूला ठेवून "चावी कोणाची" असं भांडलं की निम्मी माणसं क्रोमबद्दल बोलत असतात, निम्मी फायरफॉक्सबद्दल, आणि दोघांनाही वाटत असतं समोरचा मूर्ख आहे.

चावी हरवली की काय होतं हे मला पुस्तकातून शिकायला लागलं नाही. आम्ही एका क्लायंटसाठी त्यांच्या ऑफिसपुरतं एक छोटं एक्स्टेंशन केलं होतं, स्टोअरवर न टाकता त्यांच्याच सर्व्हरवरून वाटायचं, आणि त्याची पेम फाइल, म्हणजे प्रायव्हेट की, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये होती. हो, डाउनलोड्समध्ये. लॅपटॉप बदलला, कोडचा बॅकअप घेतला आणि ही दोन किलोबाइटचीसुद्धा नसलेली फाइल मागे राहिली. पुढच्या वेळी पॅक करताना क्रोमने निमूटपणे नवी चावी बनवून दिली, एका अक्षराने तक्रार केली नाही, आणि आयडी बदलला. मग काय, ऑफिसच्या सगळ्या मशिनना लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसीत सक्तीने बसवायच्या एक्स्टेंशनच्या यादीत जुना आयडी, ब्राउझरबाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलायच्या नेटिव्ह मेसेजिंगच्या फाइलमध्ये जुना आयडी, लॉगिनच्या रिडायरेक्ट पत्त्यात जुना आयडी, आणि लोकांनी वर्षभर भरलेल्या सेटिंग्ज जुन्या आयडीच्या कोठारात कुलूपबंद. त्यांच्या आयटीवाल्या काकांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा डेव्हलपर चाव्या हरवतात असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, मान खाली घालतो.

हा प्रश्न काल उगवलेला नाही. 2008 मध्ये फायरफॉक्स 3 आला तेव्हा मोझिलाने नियम केला की स्वतःच्या साइटवरून अपडेट देणार असाल तर एकतर एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, वापरा नाहीतर अपडेटच्या माहितीवर सही करा. सही करायला मॅककॉय नावाचं एक छोटं टूल दिलं होतं, त्यात चावीची जोडी बनवायची, पब्लिक भाग एक्स्टेंशनच्या आत टाकायचा आणि पुढच्या प्रत्येक अपडेटच्या फाइलवर प्रायव्हेट भागाने सही मारायची. कारण साधं होतं, कॅफेतल्या वायफायवर बसलेला कोणीही मध्येच घुसून "हे घ्या नवीन व्हर्जन" म्हणू शकत होता आणि ब्राउझर बिचारा विश्वास ठेवत होता. एक्स्टेंशनचं नाव, आयडी, व्हर्जन नंबर हे सगळं जगजाहीर असतं, ते सांगता आलं म्हणून माणूस तोच ठरत नाही. हे आपल्याला तरी समजवायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा अडचण हीच तर होती, नाव सगळ्यांना माहीत, आणि भाऊ जिवंत असावेत अशी लोकांची इच्छाही होती, म्हणून माणसं त्याच्यामागे गेली, कोकणात त्याने चांगलंच बस्तान बसवलं आणि प्रकरण निस्तरून 1776 मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पानिपताला पंधरा वर्षं होऊन गेली होती. आयडी म्हणजे नाव. सही म्हणजे ते नाव खरंच त्याचंच आहे याचा पुरावा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात.

आता स्टोअरच्या बाजूने जे सगळ्यात भक्कम बोलता येतं ते मी स्वतःच बोलतो. ज्यांना 2010 ते 2014 चा विंडोज आठवतोय त्यांना आठवेल, कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाकलं की ब्राउझरच्या डोक्यावर दोन टूलबार येऊन बसायचे, होमपेज बदलायचं आणि काढायला गेलं की परत उगवायचं, पावसाळ्यातल्या गवतासारखं. त्या सगळ्या कचऱ्याला स्वतःच्या चाव्या होत्या आणि सह्या तांत्रिकदृष्ट्या बरोबर होत्या. क्रोमने 2014 मध्ये विंडोजवर स्टोअरबाहेरची एक्स्टेंशन बंद केली, फायरफॉक्सने 48 व्या व्हर्जनपासून, म्हणजे 2016 पासून, नेहमीच्या आवृत्तीत मोझिलाच्या सहीशिवाय काहीच बसू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि तेव्हा स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून कितीही ओरडा झाला असला तरी सामान्य माणसाचा ब्राउझर त्यानंतर स्वच्छ झाला हे मान्य करायलाच लागेल. शिवाय स्टोअरकडे नावं मागे घेण्याची ताकद आहे, एखादं एक्स्टेंशन घातक निघालं तर लाखो मशिनवर एका झटक्यात बंद पाडता येतं. नाशिकमध्ये घरी बसून मोकळ्या वेळात एक्स्टेंशन लिहिणाऱ्या एकट्या पोराला हे जमणार आहे का? नाही जमणार. म्हणून स्टोअरची सही काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण मग स्टोअरची एकटी सही पुरते का? 2018 च्या सप्टेंबरात मेगा या ऑनलाइन फाइल साठवणाऱ्या सेवेचं क्रोम एक्स्टेंशन पळवलं गेलं. हल्लेखोराने स्टोअरमध्ये 3.39.4 व्हर्जन चढवलं, ते लोकांचे लॉगिन आणि क्रिप्टोच्या चाव्या उचलत होतं, काही तासांत पकडलं गेलं पण तोवर ऑटो अपडेटने आपलं काम केलं होतं. तेव्हा मेगाने जाहीरपणे केलेली तक्रार नीट वाचण्यासारखी होती: गूगल आम्हाला आमची स्वतःची सही वापरू देत नाही, अपलोड झालं की स्टोअर आपोआप सही करून टाकतं, त्यामुळे बाहेरच्या चोरासमोरचा एक महत्त्वाचा अडथळाच निघून गेला, आणि आमचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आम्हीच साइन करून आम्हीच होस्ट करतो म्हणून ते वाचलं. 2024 च्या नाताळात सायबरहेवनचं तेच झालं. ही कंपनी स्वतःच डेटा सुरक्षेच्या धंद्यातली. त्यांच्या एका कर्मचाऱ्याला मेल आला की तुमचं एक्स्टेंशन नियम मोडतंय, स्टोअरवरून काढलं जाईल, त्याने लिंकवर जाऊन एका ॲपला स्टोअरमधलं त्यांचं एक्स्टेंशन सांभाळायची परवानगी दिली, पासवर्ड चोरीला गेला नाही, टू-फॅक्टर चालू असूनही काही उपयोग झाला नाही, आणि 24.10.4 नावाचं विषारी व्हर्जन सुमारे 4 लाख लोकांच्या ब्राउझरकडे जायला मोकळं झालं. सही? शंभर टक्के खरी. आयडी? तोच. स्टोअरने आपल्याकडच्या चावीने इमानेइतबारे चोराच्या मालावर शिक्का मारून दिला. चावी तिजोरीत अगदी सुरक्षित होती हो, फक्त तिजोरीवाला कोणाच्याही चिठ्ठीवर शिक्के मारत होता.

आणि एकाच मध्यवर्ती सहीवर सगळं टांगलं की दुसरीकडून काय होतं ते 2019 च्या मे महिन्यात दिसलं. मोझिलाच्या सह्यांच्या साखळीतल्या एका मधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि 4 मेच्या सुमारास जगभरच्या फायरफॉक्समधली जवळजवळ सगळी एक्स्टेंशन एकदम बंद पडली. कोणी हल्ला केला नव्हता. तारीख उलटली, बस. टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या स्क्रिप्ट रोखणारं नोस्क्रिप्टही बंद पडलं, म्हणजे ज्यांचा जीव त्या एक्स्टेंशनवर असू शकतो त्यांचं कवच गेलं, आणि कारण काय तर कॅलेंडर.

बँकेच्या लॉकरचं उदाहरण मला इथे फार पटतं. एक चावी तुमच्याकडे, एक बँकेकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. मॅनेजर एकटा उघडू शकत नाही आणि तुमच्या घरी चोरी होऊन तुमची चावी गेली तरी चोर बँकेत येऊन एकटा उघडू शकत नाही. आणि चावी हरवली तर? बँक साक्षीदारांसमोर लॉकर फोडते, नोंद होते, खर्च तुमच्या माथी, वेळ जातो, पण दागिने जात नाहीत. ही व्यवस्था चालवायला कोणालाही क्रिप्टोग्राफीची पदवी लागली नाही. क्रोमच्या स्टोअरने 2025 मध्ये याच दिशेने एक पाऊल टाकलंय, डेव्हलपरने आपली पब्लिक की स्टोअरला द्यायची आणि मग पुढचं प्रत्येक अपलोड आपल्या प्रायव्हेट कीने साइन करूनच चढवायचं, तशी सही नसेल तर स्टोअर घेणारच नाही, असेल तर त्यावर स्टोअर नेहमीसारखी आपली सही करून देतं आणि आयडी जुनाच राहतो. शेवटचं वाक्य परत वाचा, आयडी जुनाच राहतो. माझ्यासारख्या डाउनलोड्सवाल्या माणसासाठी याचा अर्थ असा की अपलोडची चावी हरवली तर ती बदलून घेता येईल आणि वापरणाऱ्याला कळणारही नाही. नाव देणारी चावी वेगळी आणि रोज वापरायची चावी वेगळी, हे अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर आधीपासून आहे आणि 2021 पासून तर नव्या ॲपना ते बंधनकारकच आहे. पण क्रोममध्ये हे सगळं ऐच्छिक ठेवलंय. हेल्मेट कायद्याने सक्तीचं असूनही पुण्यात काय होतं ते आपण बघतोच, ऐच्छिकाचं काय होणार.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोक ती दुसरी चावीसुद्धा कुठे ठेवणार, तर बिल्ड आपोआप करणाऱ्या सर्व्हरवरच, स्टोअरमध्ये अपलोड करू देणाऱ्या टोकनच्या शेजारी, मग चोराला एका खिडकीतून दोन्ही मिळणार. 2025 च्या डिसेंबरात ट्रस्ट वॉलेट या क्रिप्टो पाकिटाच्या एक्स्टेंशनचं तसंच काहीसं झालं, स्टोअरची एपीआय की, म्हणजे असंच एक टोकन, बाहेर फुटली आणि कंपनीच्या नेहमीच्या तपासणीला वळसा घालून 2.68 व्हर्जन थेट प्रसिद्ध झालं, लोकांचे लाखो डॉलर गेले. बरोबर आहे, लॉकरच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवल्या तर लॉकरचा उपयोग नाही. पण म्हणून लॉकरच बंद करायचं? जिथे टोकन आहे तिथे चावी नको, इतकंच तर करायचंय. महिन्यातून एकदा अपडेट देणाऱ्या माणसाला चावी आत ठेवलेला एक छोटा हार्डवेअर टोकन यूएसबीत घालून बोट टेकवायला कितीसा त्रास आहे? आणि ज्यांना दिवसातून पाच वेळा अपडेट ढकलायचंय त्यांना मी नम्रपणे विचारतो, एक्स्टेंशनमध्ये दिवसातून पाच वेळा काय बदलता बाबांनो?

आता येतो तो मुद्दा ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. समजा दोन्ही चाव्या आहेत, दोन्ही नीट सांभाळल्यात, आणि मालकाने सगळं विकून टाकलं. ग्रेट सस्पेंडर आठवतंय का, वापरात नसलेले टॅब झोपवणारं? 20 लाखांहून जास्त लोकांकडे होतं, कोड उघडा होता, नाव चांगलं होतं. 2020 च्या जूनमध्ये मूळ डेव्हलपरने ते अनोळखी मंडळींना दिलं, त्या वर्षीच स्टोअरवर असं व्हर्जन आलं ज्यातला कोड गिटहबवर नव्हता आणि जे बाहेरून स्क्रिप्ट ओढत होतं, बोंबाबोंब झाली, आणि 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने ते मालवेअर म्हणून उडवलं. लोकांचे झोपवलेले टॅब गेले. गंमत म्हणजे ते परत मिळवायलाही आयडीच कामाला आला, झोपलेल्या टॅबच्या पत्त्यात सुरुवातीला एक्स्टेंशनचा 32 अक्षरी आयडी आणि शेवटी मूळ साइटचा पत्ता असायचा, ब्राउझरच्या हिस्टरीत जाऊन लोक तो शेपटीकडचा भाग कापून घेत बसले. या सगळ्या प्रकरणात कुठलीही चावी चोरीला गेली नव्हती. कुठलीही सही खोटी नव्हती. कायदेशीर हस्तांतर झालं आणि त्याबरोबर 20 लाख घरांची किल्ली हस्तांतरित झाली, घरमालकांना न विचारता. स्टायलिश नावाच्या एक्स्टेंशनचीही तीच कथा, आधी मालक बदलले आणि 2018 मध्ये ते लोकांची ब्राउझिंग हिस्टरी गोळा करताना सापडलं.

सहीचा अर्थ काय ते इथे नीट बघा. सही सांगते की हे त्याच चावीने केलंय. त्याच माणसाने केलंय हे सही सांगत नाही, आणि तो माणूस अजून तसाच आहे हे तर कुठलंच गणित सांगू शकत नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदांत याचा विचार झालेला दिसतो. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की खाली "मर्यादेयं विराजते" असं मोर्तब, म्हणजे त्याच्या खाली कोणी ओळ घुसडली तर लगेच दिसावी, शिक्कामोर्तब हा शब्द आपण आज सहज वापरतो पण ती मुळात मजकुराशी छेडछाड पकडायची युक्ती आहे, आजच्या हॅशची चुलतआजी म्हणा. आणि पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव असायचं आणि खाली त्या त्या पेशव्याचं. पद तेच, दप्तर तेच, पण बाळाजी विश्वनाथ जाऊन बाजीराव आले की शिक्का नवा. पत्र वाचणाऱ्या गावच्या पाटलाला कळायचं की हात बदललाय. अठराव्या शतकातल्या पाटलाला जे कळत होतं ते एकविसाव्या शतकातल्या क्रोम वापरणाऱ्याला का कळू नये?

तांत्रिक अडचण आहे असं कोणी म्हणू नका, कारण ब्राउझरला थांबून विचारता येतं, तो आजही विचारतो. एखाद्या अपडेटने इशारा द्यावा लागेल अशी नवी परवानगी मागितली तर क्रोम ते एक्स्टेंशन बंद करून ठेवतो आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत चालू करत नाही. पण ज्याच्याकडे "सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी पहिल्या दिवसापासून आहे त्याला नवीन मागायला उरतंच काय? विकत घेणारा नेमकं असंच एक्स्टेंशन शोधतो, ज्याला आधीच सगळं मिळालंय. म्हणजे पाहुणा जास्तीची खोली मागायला लागला तर आपण विचारणार, आणि पाहुणाच बदलून दुसरा कोणी त्याचे कपडे घालून आला तर "या बसा". स्टोअरला हस्तांतर झाल्याचं माहीत असतं कारण ते त्याच्याच फॉर्मवरून होतं. ती माहिती ब्राउझरपर्यंत न्यायची आणि त्याच पिवळ्या त्रिकोणाला, म्हणजे परवानगी विचारणाऱ्या इशाऱ्याला, एक जास्तीचं कारण द्यायचं, एवढंच काम आहे. मालक बदलला का ते तपासत राहणारं एक एक्स्टेंशनच कोणीतरी बनवलंय, म्हणजे चौकीदारावर नजर ठेवायला आणखी एक चौकीदार, ज्याचा मालक उद्या बदलू शकतो.

लोक न वाचता हो म्हणतील, हे मान्य. निम्मे म्हणतील, कदाचित नव्वद टक्के म्हणतील. पण 20 लाखांतल्या दोन हजार लोकांनी जरी थांबून विचारलं की हा नवा कोण, तरी बातमी फुटायला तेवढे पुरे, ग्रेट सस्पेंडरच्या वेळीही आरडाओरडा मूठभर चौकस लोकांनीच केला होता, फक्त त्यांना कळायला उशीर झाला. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. वर्षानुवर्षं फुकट काम करणाऱ्या डेव्हलपरला शेवटी चार पैसे मिळायची एकच वाट असते, विक्री, आणि हस्तांतराला अशी शिंग लावली की भाव पडणार. पडेल. पण विचार करा, विकत घेणारा पैसे कशाचे देतो? कोड तर बहुतेक वेळा उघडाच असतो, तो फुकट घेता येतो. पैसे मोजले जातात ते गुपचूप अपडेट ढकलायच्या हक्काचे, आणि तो हक्क डेव्हलपरचा कधी नव्हताच, लोकांनी तो त्या एका माणसाकडे बघून उसना दिला होता. सरळ मनाने घेणाऱ्याला पिवळा त्रिकोण परवडतो.

एक भोक मात्र राहतं आणि ते मला बुजवता आलेलं नाही. विक्री फॉर्मवरून झालीच नाही तर? खातं, पासवर्ड, तो यूएसबी टोकन, सगळं एका पिशवीत घालून दिलं आणि बदल्यात पैसे घेतले, स्टोअरच्या लेखी मालक तोच. तिथे दोन चाव्या चालत नाहीत, त्रिकोण उमटत नाही. फार तर असं करता येईल की चावी बदलली, देश बदलला आणि खात्याचा ईमेलही बदलला, हे सगळं एकाच महिन्यात झालं तर स्टोअरने अपडेट पंधरा दिवस अडवून माणसाकडून तपासून घ्यावं, जसं बँक अचानक मोठा व्यवहार दिसला की फोन करते. पंधरा दिवसांत सुरक्षेचं खरंच तातडीचं अपडेट असेल तर ते अडकेल, हेही दिसतंय मला. तरीपण मी माझ्या स्वतःच्या एक्स्टेंशनसाठी हा उशीर घ्यायला तयार आहे, आणि माझी नवी पेम फाइल आता डाउनलोड्समध्ये नाही एवढंही सांगून ठेवतो.